लांब नाव, आखूड नाव

हे मी बायकोला सांगितलं नाय. म्हशाच्या जत्रेत देवापुढे उभा राहिलो, तेव्हाही ओठ उघडले नाय. तुमाला सांगतो. का — ते विचारू नका.

धसईच्या वर आमचा माळ आहे. तिथे मी आणि दिनकर ग्लायडर उडवायचो. बिनइंजिनाचं विमान ते — कड्यावरून हाताने फेकायचं, दरीतून वर येणाऱ्या वाऱ्यावर तरंगत ठेवायचं, रिमोटने वळवायचं. दिनकर कसाऱ्याला रेल्वेत सिग्नलच्या कामावर होता, रिटायर होऊन गावी आला. विमानं त्यानेच बनवलेली, रिमोट त्याचा, मला शिकवलंही त्यानेच. भांडण रोजचं, एकच. तो म्हणायचा, रिमोटचं सेटिंग बरोबर तर अर्धं काम झालं. मी म्हणायचो, हात पाहिजे. नांगर भारी असला म्हणून तास सरळ पडतो काय?

खरं सांगू? रिमोटच्या पडद्यावरचं इंग्रजी मला वाचता येत नव्हतं. तिसरीपर्यंत शिकलेला मी. पण हे दिनकरला सांगायचं — मी?

रिमोट एक, विमानं दोन; जे उडवायचं त्याचं नाव पडद्यावर आणायचं, की त्याचं सेटिंग लागायचं. मोठ्याचं नाव पडद्यावर लांब, धाकट्याचं आखूड. एवढं मला कळायचं. धाकट्याच्या पंखात वळवायच्या पट्ट्या हलवणाऱ्या बारक्या मोटरी उलट्या बसलेल्या, म्हणून त्याचं सेटिंगही उलटं.

त्या दिवशी मोठं उडवायचं होतं. दिनकर झऱ्यावर पाण्याला गेला आणि मी रिमोट उचलला. जरा बघू म्हटलं, एकट्यात कोण हसणार? कुठलंसं बटण दाबलं. लांब नाव गेलं, आखूड आलं. आता परत कसं आणायचं? — तेवढ्यात त्याची पावलं वाजली. ठेवून दिला.

"हात लावलास काय रे?"

"मी कशाला लावू तुझ्या डबड्याला?"

फेकण्याआधी दिनकर रिमोटची दांडी डावी-उजवी करून पंखाच्या पट्ट्या बघायचा. सिग्नलवाल्याची सवय. बघितलं असतं तर उलटं दिसलं असतं — आणि मी सापडलो असतो. म्हणून बोललो, "किती वेळ रे? देवाला कौल लावतोस काय? हात असेल तर टाक, नायतर घरी जा." गुरं घेऊन आलेले दोघंतिघं हसले. तो चिडला. पडद्याकडेही न बघता फेकलं.

विमान डावीकडे कललं. त्याने दांडी उजवीकडे ओढली, ते आणखी डावीकडे. आणखी ओढली. कातळावर आपटलं.

रिमोट माझ्याकडे देऊन तो तुकडे गोळा करायला उतरला. तेव्हा मात्र माझ्या बोटाला बटण सापडलं. लांब नाव परत आणलं. हे चुकून नाय झालं — हे मी केलं.

वर आल्यावर त्याने पडदा बघितला. सगळं जागच्या जागी. मग आपल्या हातांकडे बघत राहिला.

"हात गेला रे माझा."

मी काय म्हटलं असेल? "वय झालं, दिन्या."

परत त्याने उडवलं नाय. रिमोट आणि धाकटं विमान मलाच देऊन टाकलं. आता मी उडवतो, तेव्हा माळावर आलेले लोक म्हणतात, म्हाताऱ्याचा हात बघा! शेजारी बसलेला दिनकरही मान डोलावतो. आणि माझ्या मनात एकच — याला आज आठवलं तर? त्या दिवशी पट्ट्या बघायच्या राहिल्या होत्या, हे आठवलं तर?

उडवून झालं की आमी टपरीवर चहा घेतो. सांडेल म्हणून तो हल्ली कप दोन्ही हातांनी धरतो. मी समोर बसून बघतो. त्याचा हात हलत नाय. तेव्हाही हलला नव्हता.