गुलजार मिस्त्रींची बाटली

कामशेतच्या बाजारात गुलजार मिस्त्रींचं दुचाकीचं गॅरेज आहे. नुसत्या आवाजावरून ते गाडीचं दुखणं सांगतात आणि लोक डोळे झाकून मानतात. पेट्रोलमध्ये मिसळतात त्या इथेनॉलचा विषय निघाला की मात्र त्यांना आवरणं कठीण. ‘‘सरकार साखर कारखान्यांचं भलं करतंय आन् जुन्या गाड्यांचे पाइप आमी बदलतोय!’’ त्यावर सुदुंबऱ्याचे ऊसवाले श्रीपती आबा म्हणत, ‘‘इथेनॉल हाय म्हणून कारखाना आमच्या उसाला विचारतो.’’ दोघांचंही थोडंथोडं खरं होतं, पण ऐकतो कोण?

एके दिवशी सकाळी गावातल्या पंपावर पेट्रोल भरलेल्या तीन गाड्या बंद पडून आल्या. मिस्त्रींनी भेसळ ओळखायची आपली जुनी रीत केली. बाटलीत बोटभर पाणी, त्यावर खुणेची रेघ, मग त्या गाड्यांतलं पेट्रोल. हलवून ठेवलं, तर पाण्याचा थर रेघेच्या बराच वर. ‘‘पेट्रोलात पानी हाय,’’ त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं. झालं! दुपारपर्यंत माणसं पंपावर बाटल्या नाचवत उभी. तिथल्या टाकीत पाणी उतरलंय का, हे रोज तपासायचं काम ज्योत्स्नाचं. पंपाच्या मालकानं तिला घरी बसवलं.

दुसऱ्या दिवशी ती गॅरेजवर आली. मी तिथंच होतो. तिनं तळेगावचं आणि लोणावळ्याचं पेट्रोल आणलं होतं. तीच रीत करून दाखवली. थर दोन्हीकडे तेवढाच चढला.

‘‘भाऊ, इथेनॉल पान्यात उतरतं. म्हणून खालचा थर फुगतो. भेसळ न्हाई ती.’’

मला वाटलं, मिस्त्री आता काहीतरी खुसपट काढणार. पण ते हात पुसून उठले आणि ज्योत्स्नाला घेऊन सरळ पंपावर गेले; मागोमाग मीही. खरं सांगतो, मला त्यांचा फार अभिमान वाटला.

‘‘माझं चुकलं,’’ ते सगळ्यांसमोर म्हणाले. ‘‘इथेनॉलनं पाइप खाल्ले म्हणूनच गाड्या बंद पडल्या, हे मी म्हननारच. पन पेट्रोलात पानी नव्हतं. ह्या पोरीचा कायबी दोष न्हाई.’’

ज्याची गाडी सगळ्यांत आधी बंद पडली होती, तो हसला. ‘‘मिस्त्री, तुमालाबी मालकानं गुंडाळलं व्हय?’’

बाकीचेही हसले. मालक ज्योत्स्नाला म्हणाला, ‘‘बघितलंस ना? लोकांचा विश्वास बसू दे, मग बघू.’’

याला महिना झाला. मिस्त्री येईल त्या गिऱ्हाइकाला बाटली हलवून दाखवतात. गिऱ्हाईक मान डोलावतं आणि पेट्रोल दुसऱ्या पंपावर भरतं. ज्योत्स्ना अजून घरीच आहे.