बाबांचं कोपर

पाखरं बघायला जायचं तर मळखाऊ कपडे घालायचे, हे मी बाबांना सांगायला विसरले. विसरले कसली, सांगायचा धीरच झाला नाही. त्या रविवारी पहाटे ते अंगणात आले ते आत्याच्या मुलाच्या लग्नातला पांढराशुभ्र शर्ट घालून, केसांना तेल लावून. कॉलेजच्या मॅडमना भेटायचं होतं ना. मी तोंड उघडलं, परत मिटलं आणि म्हणाले, "निघा ना बाबा, उशीर होते."

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे तिथली प्रत्येक गोष्ट घरी समजावून सांगावी लागते आणि मला ते फारसं जमत नाही. परीक्षा घरच्यांना कळते. लायब्ररी कळते. पण डिसेंबरात पाच दिवस भामरागडच्या बाजूला पक्षीगणनेचं शिबिर आहे आणि मॅडमनी वर्गातून दोघींना निवडलंय, त्यातली एक मी, हे सांगितल्यावर आईनं विचारलं, "पाखरं मोजून काय करतेत?"

"लिहून ठेवतेत."

"मंग?"

"मंग पुढच्या वर्षी पुन्हा मोजतेत."

आईनं बाबांकडे पाहिलं, बाबांनी आईकडे. मलाच हसू आलं आणि माझी बाजू तिथेच पडली.

बाबा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. ते तलावावर मासेमारी करतात, पावसाळ्यात धान लावतात, आणि कुठलीही गोष्ट चार दिवस डोक्यात ठेवल्याशिवाय तिच्यावर बोलत नाहीत. पाचव्या दिवशी फाटलेलं जाळं शिवता शिवता म्हणाले, "एक दिस मी संगं येतो. पाहतो काय करून राह्यल्या तुम्ही थे. मंग सांगतो."

म्हणजे माझं शिबिर आता त्या एका सकाळवर अवलंबून होतं. पाखरांनी दर्शन द्यायला हवं होतं, मॅडमनी चांगलं बोलायला हवं होतं आणि बाबांना कंटाळा यायला नको होता. रात्रभर मी या तीन गोष्टी मोजत पडले होते.

आम्ही सरावाला जातो तो रस्ता धानोऱ्याच्या पुढे डोंगरात चढतो. त्याला घाट म्हटलं तर मोठे घाट पाहिलेली माणसं हसतील. सात-आठ वळणं आणि एक बसका पूल. पण पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात तिथे सकाळी सकाळी ढग रस्त्यावर येऊन बसतात. समोरचा बांबू दिसत नाही. पाऊस नसतो, तरी झाडं टपटप गळत असतात. मला तो रस्ता इतका आवडतो की तिथे पोचल्यावर उगाचच हसू येतं.

खाली पायथ्याशी मॅडम आणि माझी मैत्रीण थांबल्या होत्या. मैत्रीण राजुऱ्याची, तिचे वडील कोळशाच्या खाणीत आहेत, आणि शिबिराला निवडलेली दुसरी मुलगी तीच. ढगातून आमची मोटरसायकल बाहेर आली तशी ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "अगं, लांबून मले वाटलं बगळा गाडी चालवून राह्यला!"

"चूप बस ना."

बाबांनी ऐकलंच असणार. त्यांनी मॅडमना नमस्कार केला, मग तिघींच्या कपड्यांकडे पाहिलं. खाकी, मातकट, शेवाळी. स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. गाडीच्या डिकीतून रिकामं पोतं काढलं, त्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचला आणि धानाच्या रोवणीत पाऊस अडवायला घेतात तशी खोळ डोक्यावरून पाठीवर घेतली. मग म्हणाले, "चला मॅडम."

मॅडम म्हणाल्या, "भाऊ, हे तर आमच्यापेक्षा भारी झालं."

आमची पद्धत अशी की हळू चालायचं, शंभरेक पावलांवर थांबायचं, दिसलं ते कुजबुजत सांगायचं. लिहायचं काम माझं. बाबा माझ्या उजव्या हाताला चालत होते, अगदी आवाज न करता.

पहिल्या वळणावर त्यांचं कोपर माझ्या बरगडीत लागलं. मी वर पाहिलं. ते सरळ समोर बघत होते. मला वाटलं, झालं, कंटाळले. मी पाय उचलला.

दुसऱ्या वळणावर पुन्हा. मी हळूच म्हणाले, "थोडंसंच राह्यलं बाबा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी तेलुगूत बोलले.

उंबराच्या झाडाखाली तिसऱ्यांदा. आता मी न कळल्यासारखं केलं आणि जवळजवळ पळतच पुढे गेले. तोवर माझ्या वहीत होते दोन बुलबुल, एक कोतवाल आणि एक प्रश्नचिन्ह. मॅडमनी दुर्बीण खाली केली. "आज पाखरंच नाहीत गं," त्या म्हणाल्या. मला रडूच यायचं बाकी होतं. वर्षभर भरलेली झाडं आणि नेमकी आज रिकामी!

चौथ्यांदा कोपर लागलं ते जोरात. आणि या वेळी ते मागे गेलं नाही. तिथेच टेकून राहिलं, दाबत.

मला वाटतं, आधी माझ्या बरगडीला आठवलं आणि मग मला. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून बाबांच्या डोंग्यात, त्यांच्या छोट्या होडीत, बसत आले आहे. जाळं आवळत आलं की आमच्याकडे कोणी बोलत नाही. बोललं की मासा जातो, असं सगळेच मानतात. ज्याला दिसलं त्यानं शेजाऱ्याला कोपर लावायचं, ज्या बाजूला दिसलं त्या बाजूचं, आणि त्यालाही दिसेपर्यंत काढायचं नाही. मी स्वतः कितीतरी वेळा बाबांना असं कोपर लावलं आहे. आणि इथे मी त्याचा अर्थ लावत होते, घरी चल.

कोपर डावं होतं. मी डावीकडे मान वळवली. दहा हातांवर, वाकलेल्या बांबूवर, एक पांढरं पाखरू बसलं होतं. डोकं काळंभोर, आणि मागे शेपटाच्या दोन फिती, त्याच्या अंगापेक्षा कितीतरी लांब, ढगात अलगद हलणाऱ्या. स्वर्गीय नर्तक! पुस्तकातलं त्याचं चित्र मी इतक्या वेळा बघितलं होतं की ते पान सुटं झालं आहे. प्रत्यक्षात तो पापणी लवते न लवते तोच बांबूवरून उडाला, हवेतच काहीतरी टिपलं आणि परत त्याच जागी येऊन बसला.

मैत्रिणीनं मला चिमटा काढला. का, ते तिलाही माहीत नसावं. मॅडम दुर्बीण न लावताच बघत राहिल्या. मग तो दरीत उतरला आणि दिसेनासा झाला.

"भाऊ, तुम्हाला कधी दिसला हा?"

"कवाचा बसला होता मॅडम थो."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगाचं कसं? बोललो असतो तं गेला असता ना." बाबांना या प्रश्नाचंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "अन् हिले सांगतलं ना मी. चारदा सांगतलं. आंधी एक पिवळं होतं, मंग लाल बुडाचं, अन् उंबरावर थे मोठ्या चोचीचे दोघं. कोपर लावलं का हे पयतच सुटे!"

मॅडम रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसल्या आणि पोट धरून हसायला लागल्या. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी तोंडात ओढणी कोंबली होती. मैत्रीण माझ्याकडे बघून नुसती मान हलवत होती. "काऊन वो, तुले आपल्या बापाची भाषा समजत नाई?"

मी लाजेनं अर्धमेली झाले होते आणि त्याच वेळी इतकी खूश होते की काय करावं कळत नव्हतं.

आम्ही उलटे फिरलो. चढलेली वळणं उतरलो. उंबरावर ते दोघं अजून होते, राखी धनेश, उंबरं वर उडवून चोचीत झेलत, एखादं पडलं की खाली वाकून बघत. मॅडमनी तिथेच नवी पद्धत ठरवली. बाबा पुढे. बाबांनी मला कोपर लावायचं, मी मैत्रिणीला, मैत्रिणीनं मॅडमना.

"मॅडमले कोपर मारू मी?" मैत्रीण दचकून म्हणाली.

"मार," मॅडम म्हणाल्या. "परीक्षेत धरणार नाही."

आणि मग ढग वर सरकले. ऊन आलं, पानांवरून वाफ निघायला लागली आणि कुठे दडून बसली होती कोण जाणे, सगळी पाखरं एकदम रस्त्यावर आली. केशरी निखार पक्ष्यांचा थवा एका झाडातून दुसऱ्या झाडात सांडत गेला. मागून भृंगराज, शेपटीच्या टोकाला दोन झेंडे लावल्यासारखा. सुतार, हळद्या, टकाचोर. बाबांचं डावं कोपर, उजवं कोपर, परत डावं. मी मैत्रिणीवर, मैत्रीण मॅडमवर, मॅडम बाभळीवर. एकदा बाबांची दोन्ही कोपरं एकदम उठली आणि आम्ही तिघी कुठे बघावं ते न कळून जागच्या जागी गोल फिरलो. वहीतलं माझं अक्षर ओळ सोडून वर चढलं होतं. बाबा पोत्याच्या खोळीत तोंड लपवून हसत होते. त्यांना असं हसताना मी लग्नाकार्यातही पाहिलेलं नाही.

नऊच्या सुमारास पुलाच्या कठड्यावर बसून आम्ही पोहे खाल्ले. हसणं ओसरलं तसं मला पुन्हा शिबिर आठवलं. पोहे संपल्यावर बाबांनी हात धुतले, पोतं काढून झटकलं, घडी केली. मग ते मॅडमसमोर उभे राहिले.

"मॅडम, एक विचारू का?"

"विचारा ना भाऊ."

"रात्री पोरी कुठी झोपतीन?"

"आश्रमशाळेत. मुलींच्या वसतिगृहात. मी त्यांच्याच खोलीत असणार."

"कडी आतून लागते?"

"लागते. मागच्या वर्षी मी तिथेच राहिले होते."

बाबांनी मान डोलावली. कितीतरी दिवस आमच्या घरात पाखरांबद्दल, मोजण्याबद्दल, कॉलेजबद्दल बोलणं चाललं होतं आणि मी सगळ्याची उत्तरं पाठ करून ठेवली होती. हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

"अन् नदी ओलांडाची आहे का?"

"एक दिवस आहे. डोंग्यातून."

"डोंगेवाला तिथलाच आहे ना?"

"हो, त्याच गावचा."

"चौघांच्या वर बसाचं नाई एका खेपेत. तो म्हणन, बसा, काई होत नाई. तरी नाई." बाबा मैत्रिणीकडे वळले. "तुले पोहता येते का बाई?"

"नाई काका. आमच्या इथी नुसती खाण आहे."

"मंग तू मधी बसजो. उभी नको राहू." मग माझ्याकडे बोट करून मॅडमना म्हणाले, "हे पोहते. हिले कडेले बसवा."

"म्हणजे जाऊ मी, बाबा?"

"कडेले बस म्हून सांगून राह्यलो ना तुले!"

मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी कठड्यावरून उडी मारली आणि पळत सुटले. चप्पल एका पायातून निसटली, तरी थांबले नाही. एक वळण, दुसरं वळण, छातीत ऊन शिरल्यासारखं वाटत होतं. तिसऱ्या वळणावर दम लागून उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की मोटरसायकल डोंगराखाली आहे आणि मी वर धावत आले आहे.