अर्ध्या सिनेमाचं मत

परवा सगळ्यांनी नावाजलेली एक वेब सिरीज पाहायला घेतली. नायक पोलादाच्या भट्टीवरून घरी येतो आणि त्याचा शर्ट पांढराशुभ्र. मी तिथंच बंद केली. असलं खोटं बाबांना खपलं नसतं.

स्टील प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर दहाच्या आमच्या क्वार्टरमध्ये रविवारी दुपारी टीव्हीवर सिनेमा लागायचा. सेकंड शिफ्ट असली की बाबा अर्ध्यातून उठायचे आणि दारात बसून सेफ्टी शूजच्या नाड्या बांधताना पाहिलेल्या अर्ध्याचं मत देऊन टाकायचे. उरलेला अर्धा मी त्यांना दुसऱ्या दिवशी जेवताना सांगायची.

त्या रविवारी म्हणाले, "हिरो काही कामाचा नाही, नुसता रडून राहिला. त्याले त्याची माय भेटते का, तेवढं पाहून ठेवजो."

"आज थांबा ना, बाबा."

"भट्टी थांबते का, पोरी?"

घामाचा आणि तापल्या रबराचा वास दारात ठेवून ते गेले.

संध्याकाळी प्लांटमधून त्यांचे दोस्त आले. ड्युटीवर बाबांच्या छातीत दुखलं होतं, दवाखान्यापर्यंतही पोचले नव्हते.

सिनेमा तसा टुकारच होता. पण शेवटी माय भेटली होती. हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही.