कोकरं आत, धोंडुबाई बाहेर

धोंडुबाईच्या पायाला जन्मापासूनच भिंगरी. जन्म झाला तो मेंढरं चालत असताना, कुठल्याशा ओढ्याच्या काठाला. आई दुसऱ्याच दिवशी पोर पाठीशी बांधून पुढच्या मुक्कामाला निघाली. लग्न झालं तेही वाड्यावरच्या हरिबाशी. वाडा म्हणजे चौसोपी नव्हे हो. मेंढरं, एक घोडं, दोन कुत्री, चार बिऱ्हाडं आणि वर आभाळ, एवढ्याला धनगर वाडा म्हणतो. साठ वर्षं या बाईनं असा वाडा सकाळी मोडला आणि संध्याकाळी मांडला. अशा बाईच्या नावावर सरकारनं पक्कं घरकुल केलं!

तासगावच्या पुढं, द्राक्षबागांच्या मधोमध, वीस घरांची वसाहत. दोन खोल्या, पांढरी फरशी, वर स्लॅब. श्रावणात ताबा मिळाला तेव्हा धोंडुबाईला फेटेवाल्या पुढाऱ्यांनी नारळ दिला, फोटो काढला. घर हवं होतं ते नातीसाठी. सोनिया चौथीत गेली होती आणि वाड्याबरोबर फिरताना तिच्या तीन शाळा सुटल्या होत्या. मुलगा मल्हार कुपवाडला कारखान्यात लागला, सून मंगल द्राक्षाच्या कामाला जाऊ लागली. ठरलं होतं ते असं, की दिवाळी झाली की धोंडुबाई हरिबाबरोबर मेंढरांमागं जाणार आणि बाकीची तिघं घरात राहणार. साधा सरळ हिशेब, त्यात कुणाला काही खोट दिसली नाही.

तोवर घरात राहायचं म्हणजे बाईच्या अंगावर काटा यायचा. पंखा लावला की डोकं धरायचं, बंद केला की जीव घुसमटायचा. "आमाला वारा लागतो, पर त्यो भिताडाला अडकलेला नको," म्हणायची. चार दिवसांत गुडघे सुजले. डॉक्टरनं विचारलं, रोज किती चालता? "आता? चुलीपासनं दारापातूर," म्हणाली. डॉक्टर हसला. तिला हसू आलं नाही.

दिवाळी सरली. हरिबाचा वाडा कोसावरच्या मोकळ्या रानात उतरला होता. तो दोन कोकरं काखेत मारून आला. अशक्त होती, आया जवळ घेत नव्हत्या. अंगणातूनच म्हणाला, "ही चार दीस सांभाळ. शनवारी गाडी घिऊन येतो, तुला बी नेतो. खंडाळ्याकडं औंदा चारा लय हाय." धोंडुबाईनं त्याच दिवशी गाठोडं बांधून ठेवलं.

गुरुवारी सकाळी अवकाळी पावसाची झड आली. आता तुम्ही-आम्ही काय केलं असतं? कोकरांना छपराखाली पोतं टाकून दिलं असतं आणि आपण आत बसलो असतो. पण धनगराच्या घरात कोरडी जागा आधी कोकराची, मग माणसाची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिनं जन्मभर पाहिलं होतं. तिनं पुढच्या खोलीत फरशीवर बाभळीचा पाला पसरला, कोकरं आत घेतली, उधळू नयेत म्हणून दाराला बाहेरून कडी घातली आणि स्वतः घोंगडं पांघरून ओट्यावर बसली. मागल्या खोलीत मल्हारचं बिऱ्हाड होतं, पण ती माणसं सकाळीच कामाला आणि शाळेला गेलेली.

दहा वाजता घरांची तपासणी करणारे साहेब आले. ओट्यावर ओलं घोंगडं, बाहेरून कडी, आत लेंड्या.

"आजी, तुम्ही राहता कुठं?"

"हितंच की."

"मग आत कोण राहतं?"

"कोकरं हायती. त्यास्नी गारठा सोसत न्हाई," धोंडुबाई अगदी अभिमानानं म्हणाली.

साहेबांनी फोटो घेतले आणि लिहिलं, लाभार्थी घरात राहत नाही, घराचा वापर गोठा म्हणून होत आहे. वाईट माणूस नव्हता तो. डोळ्यांना दिसलं ते त्यानं लिहिलं, आणि त्यानंच सगळा घोटाळा झाला.

शुक्रवारी मल्हार कामावर खाडा करून कचेरीत हात जोडून उभा राहिला. "सायेब, आमी तिघं राहतो की घरात."

"घर तुमच्या आईच्या नावावर आहे. त्या घरात राहताना दिसल्या पाहिजेत. सहा महिने आम्ही कधीही येऊ. एकदा जरी नसल्या, तर घर दुसऱ्याला जाईल."

घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा सोनिया पाढे लिहीत होती. धोंडुबाई तिच्याकडं बघत राहिली. मग गाठोडं सोडून लुगडी खुंटीला टांगली आणि म्हणाली, "ऱ्हाते मी." मल्हारनं मान वर केली नाही. आपण आईला कोंडतोय, हे त्याला पुरतं कळत होतं.

शनिवारी हरिबा गाडी घेऊन आला. मल्हारनं त्याला दारातच सगळं सांगितलं. हा गडी आजवर कधी उंबरा ओलांडून आत आला नव्हता, बाहेरच चहा पिऊन जायचा. त्या दिवशी आत आला, चपला काढून भिंतीला टेकून बसला आणि स्लॅबकडं बघून म्हणाला, "लय खाली हाय गं."

"व्हय."

"सा म्हयनं जातील."

"तुमची जातील," धोंडुबाई म्हणाली. "आवं, एक ऐका. हितं मेले तर मला आत ठिवू नका. भाईर काढा. पर आधी सायबास्नी इचारा, न्हाईतर पोरीचं घर जायाचं."

हरिबानं मुंडाशाच्या पदरानं तोंड पुसलं, दोन्ही कोकरं उचलली आणि गाडीत ठेवली. गाडी सुरू झाली. धोंडुबाई मागोमाग चालू लागली, वसाहतीच्या फाटकापर्यंत, फाटकाबाहेर, डांबरी रस्त्यावर वीसेक पावलं. तिथं एकाएकी थांबली. कुणी हाक मारली नव्हती. मागं कुणी साहेबही नव्हता. तरी ती घाईघाईनं वळली, चालत नव्हे तर जवळजवळ पळत घरात आली आणि साहेबाला रस्त्यावरून दिसावी अशी दारासमोर आत बसून राहिली.