दिवसाची झोप

"जेवीसन जाय," असं ती म्हणाली की सुटका नसे. गॅसची टाकी आणणारा असो, मीटर बघायला आलेला असो, की चुकून आमच्या बिल्डिंगीत शिरलेला एखादा कुरियरवाला, सगळ्यांना एकच हुकूम. नाही म्हणणाऱ्याचं मनगट धरून ती त्याला खाली बसवायची. भूक नाही म्हणणारा माणूस तिच्या लेखी खोटारडा होता, आणि खोटं तिला खपत नसे.

तुमच्या शेजारात अशी कोणी असेल तर तुम्ही नशीबवान आहात. फक्त घर विकायला काढलं असेल, तर ती तेवढे दिवस गावी गेलेली बरी.

सुरतेच्या उधन्यात आमच्या बिल्डिंगीत तळमजल्यावर, जिन्यामागच्या एका खोलीत ती भाड्याने राहायची. मूळची शिरपूरकडची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दिवसभर दारात साड्यांचा ढीग घेऊन त्यांचे लोंबते धागे कापत बसायची. सगळे तिला मावशी म्हणत, तिच्याहून मोठी असलेली माझी आईसुद्धा. आम्ही दोघी मायलेकी तिसऱ्या मजल्यावर, थेट गच्चीखाली. मी पालिकेच्या मराठी शाळेत शिकवते.

आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ती वरच अडकली. बिल्डिंगीला लिफ्ट नाही. तपासणीला न्यायचं तर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उतरवायचं, आणि आईने डोळे घट्ट मिटून देवाचं नाव घ्यायचं. रोज बाहेर सपाट रस्त्यावर चालल्या नाहीत तर पाय कायमचे जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. भेस्तानला तळमजल्याचं एक घर मिळत होतं. शाळा उघडेपर्यंत थांबतो, असं मालक म्हणाला. म्हणजे माझ्या हातात फक्त मे महिन्याची सुट्टी होती, आणि विकायचं होतं ते पश्चिमेच्या उघड्या भिंतीचं घर.

दलाल अनुभवी होता. गच्चीला चुना मारा, पहाटेपासून ओली पोती टाका, आजारपणाच्या वस्तू दिसू देऊ नका. आणि शेवटी आवाज खाली आणून, "बेन, दस पछी कोईने ना बोलावता." दहानंतर कोणालाही बोलवायचं नाही. मी सगळं केलं. भिंती रंगवल्या, नवे पडदे लावले, आईचा वॉकर कपाटात कोंबला. आई म्हणाली, आता मलाही कपाटात ठेव. मी हसले नाही.

पहिली दोन गिऱ्हाइकं मावशीने जिन्यातच परतवली. सकाळी काय बघता, दुपारी या, भट्टी होते वर, असं तिने त्यांना तोंडावर सांगितलं. मी चिडून तिला वर नेलं आणि आईसमोर शब्द घेतला. घराबद्दल कोणाशी अवाक्षर काढायचं नाही. तिने बराच वेळ आईच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, "नही बोलसू."

तिसऱ्यांदा एक तरुण जोडपं आलं, तेही खानदेशातलंच. नवरा यंत्रमागावरची रात्रपाळी संपवून थेट आलेला, केसांत कापसाची तुसं. घर गार होतं. बायको पोटुशी होती. पाळणा कुठे टांगायचा हे तिने मनात ठरवलेलं मला दिसलं. नवऱ्याने एकच प्रश्न विचारला.

"ताई, माझी कायमची रात्रपाळी. दिवसा झोप लागते का इथे?"

"लागते की," मी म्हणाले.

मावशी आतल्या खोलीत आईची वेणी घालत होती. ती दारात आली. माझ्याकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटून घेतले. मग त्या मुलीचं मनगट धरून म्हणाली, "जेवीसन जाय."

मी घड्याळाकडे पाहिलं. पावणेदहा वाजले होते.

आमच्याच स्वयंपाकघरात तिने ठाण मांडलं. शेवेची भाजी करायची म्हणून खोबरं भाजायला घेतलं. मिक्सर आहे, मी म्हणाले. तिने पाटा मागितला. अकरा वाजले. ती मुलगी तिच्याशी अहिराणीत माहेरच्या गप्पा मारायला लागली होती, जणू वर्षानुवर्षांची ओळख. पोती भिजवायला मी दोनदा गच्चीकडे निघाले. दोन्ही वेळा मावशीने हाक मारून मला कामाला लावलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी एकेक करून सावकाश उतरत होत्या. साडेबाराला पानं वाढली. रात्रभर जागलेला माणूस तो, भरल्या पोटी त्याचे डोळे मिटायला लागले. मावशीने पश्चिमेच्या खोलीत चटई टाकली.

अडीच वाजता तो उठला. शर्ट अंगाला चिकटलेला. त्याने भिंतीला हात लावला, पटकन काढला आणि माझ्याकडे बघितलं. रागावला असता तर बरं वाटलं असतं. कळवतो ताई, म्हणाला आणि बायकोला धरून जिना उतरला.

"तू शब्द दिला होतास," मी मावशीला म्हणाले.

आपण अवाक्षर काढलं नाही, असं ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. मग भांडी गोळा करता करता, माझ्याकडे न बघता, "मन्हा माणूस बारा वरीस पत्रानी खोलीमा जागा ऱ्हायना. एक रातले झोपमा हात मागमा गया."

पत्र्याखाली दिवसा झोप नाही आणि रात्री मागावर डुलकी, त्यात नवऱ्याचा हात गेलेला. इतक्या वर्षांत तिने हे कधी सांगितलं नव्हतं. मी वरमायला हवं होतं. पण मी म्हणाले, "त्याचा हात वाचला, मावशी. माझ्या आईच्या पायांचं काय?"

तिने गोळा केलेली भांडी मोरीत ठेवली. ती खाली निघून गेली.

आठ दिवस ती वर आली नाही. आई रोज विचारायची, मी रोज विषय बदलायची. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी भेस्तानच्या मालकाचा फोन आला. घर दुसऱ्याला दिलं होतं. मी फोन ठेवला, तर दारात मावशी. काखेत वळकटी, हातात साड्यांचं गाठोडं.

"तुन्ही मायले खाले लई जाय," ती म्हणाली. "मी वर ऱ्हासू."

वर दुपारी कसं होतं हे मी तिला काय सांगणार? तरी सांगितलं. तिने वळकटी आत टाकली आणि आईची उशी माझ्या हातात दिली.

खाली राहायला आल्यावर चौथ्या दिवशी आई वॉकर घेऊन हातगाडीपर्यंत गेली आणि मेथीवाल्याशी भावावरून भांडली. वर्षभरानंतरचं तिचं पहिलं भांडण ते. दिवाळीनंतर घर विकलं गेलं, दुपारी दाखवून, पडेल त्या भावात. आम्हाला त्याच गल्लीत तळमजला मिळाला. मावशी भाच्याकडे गावी गेली आणि तिथेच वारली. तिला जाऊन आता दोन वर्षं होतील.

पण मला आठवते ती त्या जूनमधली एक दुपार. पाऊस लांबला होता. तिच्यासाठी ताक घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर चढले. दार उघडंच होतं. मावशी उघड्या फरशीवर पडली होती, लुगडं पाण्याने भिजवून अंगाला गुंडाळलेलं, डोळे टक्क उघडे. माझी चाहूल लागताच तिने ते मिटले.

"मावशी, झोप लागते का गं इथे?" मी विचारलं.

"लागस ना," ती डोळे न उघडता म्हणाली. "मस्त लागस."

मी ताकाचा तांब्या तिच्या उशाशी ठेवला आणि खाली आले. आई दारात खुर्ची टाकून रस्ता बघत बसली होती.