बेटावर सांगितलेलं आडनाव

गांबियाहून परत आले, आता थंडीही सरली, तरी वस्तीतल्या बाया विचारतातच, "आफ्रिकेत काय पाहिलं वं बाई?" त्यांना सिंह-बिंह ऐकायचे असतात. मी सांगते, एक नदी पाहिली आणि नदीतलं एक बेट पाहिलं. त्या बेटावर मी तोंड उघडलं, हेही सांगते. उघडलं ते बरंच केलं.

माझी लेक तिथं राजधानीत एका औषध कंपनीत आहे, जावई बंदरावर कामाला. मी नागपूरच्या दवाखान्यात जन्मभर सिस्टर होते. रिटायर झाले तशी लेकीनं तिकीट काढून बोलावून घेतलं. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्याला तेल लावता लावता तिनं हळूच विषय काढला. "आई, इथं मराठी घरं चार-पाचच हायेत. कोणी विचारलं तर आपलं आडनाव नको सांगू. मी इथं आडनावाच्या जागी ह्यांचं नावच लावते."

"काहून? चोरी केली का आपण?"

"तू तं जाशील निघून. मले इथं राहायचं हाये."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण लेकीचा संसार, परका मुलूख. मी काही बोलले नाही, आणि तिनं ते कबूल धरलं.

मग एका रविवारी बोटीनं ते बेट पाहायला निघालो. जुन्या काळी माणसं पकडून त्या बेटावर कोंडायचे आणि गुलाम म्हणून जहाजात भरून समुद्रापार विकायला न्यायचे. बोटीत काही गोरे पाहुणे, आम्ही दोघी आणि काजूच्या व्यापारातलं एक जोडपं. मूळ नागपूरचंच. त्यांच्याच ओळखीनं लेकीला भाड्याचं घर मिळालेलं, म्हणून ती त्यांना काका-काकू करत होती. नदी म्हणाल तर आपली कन्हान तिच्यापुढं नाली वाटावी. दोन्ही काठांना खारफुटीची झाडी, आणि ऊन असं की मे महिन्याचं नागपूर आठवावं.

लेकीनं पहाटे उठून सांबारवड्या केल्या होत्या. बाहेरचे लोक कोथिंबीर म्हणतात, आम्ही सांबार म्हणतो. तो भरपूर घालून, खसखस-खोबरं लावून, तळून. काकूंनी दोन खाल्ल्या, बोटं चाटली. "आहाहा, किती दिवसांनी गं! एक माझ्यासाठी ठेव हं, परत जाताना खाईन." लेकीचा चेहरा असा खुलला, मलाही बरं वाटलं.

काकांनी मला विचारलं, "नागपुरात कुठं राहता?" मी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "सदरच्या बाजूला." साहेबी सदर कुठं आणि आमची वस्ती कुठं! मी नदीकडं पाहत बसले. नागपूरचा माणूस दुसऱ्या नागपूरच्या माणसाला वस्ती कशाला विचारतो, हे मला कोणी शिकवायला नको.

बेट इवलंसं. नदीनं कडेकडेनं खाल्लेलं. पडक्या भिंती, गंजलेल्या तोफा, मधूनमधून गोरखचिंचेची जाडजूड झाडं. लांब झग्यातला गाईड आम्हाला एका बुटक्या कोठडीपाशी घेऊन गेला. म्हणाला, माणसं इथं साखळीनं बांधून ठेवायचे. पुढं विकत घेणारा आपल्या मर्जीचं नाव द्यायचा. आईबापानं ठेवलेलं नाव तोंडातून निघालं तर मार.

मला माझी आई आठवली. नरखेडकडच्या बागांत ती संत्री तोडायला जायची. तहान लागली तर पाणी वरून ओंजळीत ओतायचे, आणि बागेची मालकीण तिला कधी नावानं हाक मारत नसे, जातीनं मारायची. छप्पन साली आईबाप नागपूरला दीक्षा घेऊन आले, त्या दिवशी बापानं दारावर खडूनं आपलं पूर्ण नाव लिहिलं. आडनावासकट. मग दरसाल त्याच दिवशी तो ते पुन्हा गिरवायचा. तो गेल्यावर मी गिरवते.

काका कोठडीत डोकावले. "अरेरे! माणूस माणसाशी असं कसं वागू शकतो हो!" रुमालानं डोळे पुसले, आणि खोटं कशाला बोलू, खरंच पुसले. मग रुमाल खिशात घालता घालता माझ्याकडं वळले. "बरं ताई, तुमचं आडनाव राहूनच गेलं."

त्या कोठडीच्या तोंडाशी! लेकीनं माझा दंड दाबला. पण माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

"ऐका भाऊ," मी म्हटलं, आणि चांगलं मोठ्यानं सांगितलं. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव. सदर नाही, उत्तर नागपूर, अमुक वस्ती. "आणि आम्ही बौद्ध आहोत. जय भीम!"

गोरे पाहुणे वळून पाहायला लागले. गाईडला वाटलं मी प्रार्थनाच म्हटली, त्यानं छातीवर हात ठेवला. काका म्हणाले, "हो हो, त्यात काय, आम्ही असलं काही मानत नाही," आणि तोफेचे फोटो काढायला निघून गेले.

परतीच्या बोटीत लेक माझ्यावर उखडली. "झालं समाधान? आता ते घर खाली करायले लावतील, मंग?"

"मंग दुसरं पाहू."

तिनं पाठ फिरवली. मला वाईट वाटलं, पण पस्तावा नाही झाला. आजही नाही.

थोड्या वेळानं तिनं डबा उघडला आणि काकूंपुढं धरला. "काकू, तुमची ठेवलेली."

"नको गं. ॲसिडिटी झाली बघ." त्यांनी डब्याकडं पाहिलंही नाही. मग आपल्या पिशवीतून चिवडा काढला आणि दोघं नवरा-बायको खायला लागले.

लेकीचा हात तसाच पुढं राहिला. मी उठणार, तेवढ्यात तीच बोलली, आणि तो आवाज मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

"काकू, सकाळी दोन खाल्ल्या ना तुम्ही? त्या याच हातच्या होत्या."

काकूंनी चिवड्याची पिशवी आवळली. काका म्हणाले, "अगं पोरी, तसं काही नाही..."

"तसंच हाये, काका." तिनं डबा उचलला, बोटवाल्यांना वड्या दिल्या, गाईडला दिली, गोऱ्यांनाही वाटल्या. काकूंची तेवढी ठेवली. माझ्याजवळ येऊन बसली, त्या वडीचे दोन तुकडे केले आणि एक माझ्या हातात दिला. आम्ही खाल्ली.

मग ती म्हणाली, "आई, आजोबा दारावर नाव कशानं लिहायचे? खडूनंच का?"

"पहिल्यांदा खडूनं. पावसात पुसलं जायचं, म्हणून मंग पेंटनं."

"मंग जाता जाता पेंटच घेऊ," ती म्हणाली.