सिलोनच्या गाडीत म्हटलेली वंदना

आमच्या घरात प्रार्थना नवीन होती. छप्पन्न सालच्या दसऱ्यानंतर बा नागपूरहून पांढऱ्या कपड्यांत परत आला. आल्या आल्या त्याने भिंतीवरच्या देवांच्या तसबिरी उतरवल्या आणि खिशातून एक पातळ पुस्तिका काढून मायच्या हातात दिली. मायला वाचता येत नव्हतं. तिने ती उलटसुलट करून पाहिली, कपाळाला लावली आणि गहू ठेवायच्या डब्यावर ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीला आम्ही ओळीने बसून त्रिशरण म्हणू लागलो. बा यवतमाळजवळच्या एका मिशनच्या दवाखान्यात ड्रेसर होता. वाचायला तो तिथेच, पंचवीस वर्षांचा असताना शिकला होता, त्यामुळे शब्दाखाली बोट ठेवूनच वाचायचा. भाषा पालीची. शरण जाण्याची तीच तीन वाक्यं तीनदा म्हणायची, दुसऱ्या खेपेला आधी एक शब्द जोडायचा, तिसऱ्या खेपेला दुसरा. माय हमखास तिसऱ्या खेपेला अडकायची.

"तिसऱ्या बारीले काय म्हणाचं व?" ती मला हळूच विचारायची.

"मले नोको इचारू, बा ओरडते."

"इंग्रजी शाळेत शिकली न तू? मंग तुले काहून येत नाही?"

इंग्रजी शाळेत मला दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी घातलं होतं. तिथे मी मुख्यतः गप्प राहायला शिकले. कोणी नाव विचारलं तर सांगायचं. त्याच्या पुढचं काही विचारलं तर हसायचं. गाव कोणतं, वडील काय करतात, घरी कोणता देव, या प्रश्नांना माझं एकच उत्तर तयार असे: काही नाही, असंच. ही सवय पुढे मी मद्रासकडे नर्सिंग शिकायला गेले तेव्हाही सोबत आली. संध्याकाळी खाटेवर बसून मी वंदना म्हणायची, पण ओठ हलतील न हलतील इतकीच.

वसतिगृहात शेजारच्या खाटेवर सिलोनची मुलगी होती. तमिळ, मूळ उत्तरेकडच्या जाफन्याची, पण घर कोलंबोत, वडील तिथे रेल्वेच्या कचेरीत. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं. माझ्याशी मैत्री करायला तिला तीन महिने लागले आणि त्या तीन महिन्यांत बहुतेक तीच बोलली. मी पुटपुटू लागले की ती ओरडायची, "झालं, हिची गिरणी सुरू झाली!" मग उशी पोटाशी धरून माझ्याच चालीत, माझ्याच वऱ्हाडी उच्चारांत नक्कल करायची. वर्षभरात तिला सगळं पाठ झालं. अडायची ती फक्त तिसऱ्या खेपेला, मायसारखी.

अठ्ठावन्नच्या मे महिन्यात आमची सुट्टी होती. ती म्हणाली, माझ्या घरी चल. बा नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. मी फक्त त्याला विचारायला म्हणून घरी आले. पण त्याने सिलोन हा शब्द ऐकला आणि हातातली तपकिरीची डबी खाली ठेवली.

"अवं, तो तं बुद्धाचा देश आहे."

आठवडाभर वस्तीतली माणसं आमच्या ओट्यावर येऊन मला पाहून जात होती. कोणी म्हणे, तिकडे रस्त्यावरचं लेकरूही वंदना म्हणते. कोणी म्हणे, अनुराधपूरला बोधीचं झाड आहे, त्याचं एक पान आणजो माय. पासपोर्टच्या चौकशीला आलेला जमादार तेवढा खूश नव्हता. त्याने बाला विचारलं, "सिलोनले कायले धाडून राह्यला पोरीले? इथं काय कमी हाय?"

"मैत्रिणीच्या घरी चालली साहेब."

"मैत्रीण कोन जातीची?"

बाला ते ठाऊक नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मलाही ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं. तिने मला विचारू नये म्हणून.

निघायच्या दिवशी मायने ट्रंकेत कुंकवाचा करंडा ठेवला. बाने तो काढला. मायने पुन्हा ठेवला.

"आता कायले पाह्यजे ते?" बा म्हणाला.

"देव काढले तुमी, मी काही बोलली का? पन पोरगी परमुलखात उघड्या कपाळानं नाही फिरनार." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "रोज सकाळी तोंड धुतलं का पह्यले लावजो. इसरजो नोको."

मी कधीच विसरले नाही. तेच पुढे आमच्यावर आलं.

मद्रासला ती माझी वाट पाहत होती. धनुष्कोडीला बोटीत बसेपर्यंत ती अखंड बोलत होती. आई मासे कसे करते, दोघे धाकटे भाऊ किती वात्रट आहेत. बोटीवर तिचं बोलणं कमी झालं. पलीकडून परतलेले लोक धक्क्याच्या कठड्याशी उभे राहून आपसांत हळू बोलत होते आणि आमच्या बोटीत चढणाऱ्यांकडे जरा जास्तच वेळ पाहत होते. तलैमन्नारच्या धक्क्यावर एका ओळखीच्या रेल्वेवाल्याने तिला बाजूला घेतलं. ती परत आली तेव्हा तिच्या कपाळावरची टिकली पुसलेली होती.

"तुझंही पूस," ती म्हणाली.

"का?"

"सिंहली आणि तमिळ, दोन भाषांचं भांडण आहे. गेली दोन वर्षं चालूच आहे. आता वाढलंय म्हणतात. टिकली पाहून तमिळ बाई ओळखतात."

"मग परत जाऊ या."

"घरी आई आहे. भाऊ आहेत." तिने ट्रंक उचलली. "सकाळी पोचतो आपण. एकदा घरी पोचले की झालं."

मी रुमालाने कुंकू पुसलं. त्या रुमालावरचा डाग अजून आहे.

डब्यात आमच्यासमोर एक म्हातारे गृहस्थ होते, पांढरी वेष्टी नेसलेले, तमिळ. आयुष्यभर तारखात्यात नोकरी केलेली, आता मुलीच्या घरी निघालेले. त्यांच्या दोन्ही कानांना जुनी, रुंदावलेली भोकं होती, तिकडच्या जुन्या तमिळ पुरुषांची खूण. कपाळ पुसता येतं, पण कान पुसता येत नाहीत, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. खिडकीजवळ एक सिंहली बाई मांडीवर तान्हं मूल घेऊन बसली होती. आजोबांनी आम्हा सगळ्यांना केळी वाटली. इंग्रजीत माझं गाव विचारलं, आणि यवतमाळ हे नाव तीन वेळा तीन तऱ्हांनी म्हणून पाहिलं.

दिवेलागण झाली तशी मी सवयीने पुटपुटायला लागले. आजोबा पुढे वाकले.

"काय म्हणतेस तू, मुली?"

"काही नाही."

"पाली आहे ना? मोठ्याने म्हण की. इतकी वर्षं या देशात राहिलो, देवळाबाहेरून ऐकली, पण मला येत नाही. शिकव मला."

माझे कान तापले. परक्या माणसांसमोर, परक्या गाडीत, आमच्या घरातलं म्हणून दाखवायचं? "असंच आहे काहीतरी," मी म्हणाले आणि खिडकीकडे तोंड केलं. मैत्रीण हसून म्हणाली, "ती लाजते. मी शिकवते तुम्हाला." पण तेवढ्यात तिकीट तपासनीस आला आणि ती गोष्ट तिथेच राहिली.

सकाळी मी उठले, तोंड धुतलं आणि जागेवर येऊन ट्रंक उघडली. करंडा काढला. बोट बुडवलं. आरसा लागत नाही मला, लहानपणापासूनची सवय. मैत्रीण अजून डोळे चोळत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. ती काही बोलणार, तोच गाडी थांबली.

स्टेशन लहान होतं. त्याचं नाव मला आजही माहीत नाही. फलाटावर एकही विकणारा नव्हता, हमाल नव्हता, आणि भर उजेडात गाडी थांबूनही कोणी उतरत नव्हतं. मग पुढच्या डब्याकडून आरडाओरडा ऐकू आला आणि चार-पाच जण आमच्या डब्यात चढले. त्यांतल्या एकाच्या हातात सायकलची साखळी होती. तो थेट माझ्यासमोर आला आणि माझ्या कपाळाकडे बोट करून काही म्हणाला.

मला कळलं नाही. उत्तर मैत्रिणीने दिलं, सिंहलीत, भराभर. मला नंतर कळलं की ती म्हणाली होती, ही इंडियातली आहे, माझी पाहुणी आहे. ती गप्प बसली असती तर तिच्याकडे कोणी पाहिलंही नसतं. आता तो तिच्याकडे वळला. तिच्या उच्चारात त्याला काहीतरी सापडलं होतं.

"तो म्हणतो, दोघींनी बुद्धाची प्रार्थना म्हणून दाखवा," ती मला म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "नाही आली तर खाली उतरा."

आयुष्यात पहिल्यांदा मी परक्यांसमोर मोठ्याने म्हटलं. गहू ठेवायच्या डब्यासमोर बसून शिकलेलं, बाच्या बोटामागोमाग वाचलेलं. माझे उच्चार त्यांना विचित्र वाटले असणार, कारण मागचा एक जण हसला. पण साखळीवाला ओठ हलवत माझ्यासोबत मोजत होता. तीन खेपा झाल्या. त्याने मान हलवली आणि हनुवटी तिच्याकडे उडवली.

ती म्हणू लागली. माझ्याच चालीत, माझ्याच उच्चारांत. पहिली खेप, दुसरी खेप. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. तिसऱ्या खेपेच्या आधी ती थांबली. वसतिगृहात ती इथेच थांबायची आणि मी उशी फेकून मारायची. मी खोकले आणि खोकल्यातच तो शब्द म्हटला. तिने उचलला आणि शेवटपर्यंत नेला.

साखळीवाल्याने आमच्याकडे पाठ केली. आजोबा मांडीवर हात ठेवून सरळ बसले होते.

त्यांना सिंहली चांगली येत होती. ते सौम्यपणे बोलले, मला वाटतं त्यांनी वय सांगितलं, मुलीचं घर सांगितलं. मग त्यांनी म्हणायचा प्रयत्न केला. नुकतंच दोनदा ऐकलेलं होतं. पहिलं वाक्य बरोबर आलं. दुसऱ्यात ते थांबले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आदल्या संध्याकाळी पाहिलं होतं तसंच, शिकव म्हणून.

पुढचे शब्द माझ्या जिभेवर होते. मी खोकले नाही. माझा हात मैत्रिणीच्या मनगटावर होता आणि तो मला सोडवेना.

त्या माणसांनी आजोबांना दंडाला धरून खाली नेलं. जागेवरून उठताना त्यांनी आपली पिशवी बाकाखाली सरकवली, जणू परत येणार होते. गाडी सुटली. सिंहली बाईने मूल मैत्रिणीच्या मांडीवर दिलं, सुरईतल्या पाण्यात पदराचं टोक भिजवलं आणि माझं कपाळ घासघासून पुसलं. ती रडत होती. मी नाही रडले.

दुपारी आम्ही तिच्या घरी पोचलो. तिची आई तिला धरून जिन्यातच बसली. नऊ दिवस मी त्या घरात होते आणि नऊ दिवस खिडक्या बंद होत्या. मासे शिजले नाहीत. रस्त्यावर सायकल वाजली तरी दोघे भाऊ पलंगाखाली जायचे. मग संचारबंदी सैल झाली, तिच्या घरच्यांचं बोटीने उत्तरेला जायचं ठरलं आणि मला कोणीतरी परतीच्या बोटीत बसवून दिलं. माझी बोट सुटेपर्यंत ती धक्क्यावर उभी होती. आजोबांबद्दल आम्ही दोघी एक अक्षर बोललो नव्हतो.

घरी आले तेव्हा ओटा माणसांनी भरला होता.

"पान आनलं काय माय?"

"नाही. जाता नाही आलं तिकडं."

बा जरा हिरमुसला. मग पुढे सरकून बसला. "बरं, वंदना म्हटली काय तिथं?"

"म्हटली."

"आपली? त्यायले समजली?"

"समजली."

बाने मांडीवर थाप मारली. "पाहा! आपल्या वस्तीतली वंदना थेट बुद्धाच्या देशात समजली. मी म्हनतच होतो न, आपलं बरोबर आहे." माय माझ्या उघड्या कपाळाकडे पाहत होती.

तेव्हापासून संध्याकाळी वंदना मी सांगायची आणि बाकीच्यांनी मागून म्हणायची असं ठरलं, कारण मी तिकडून पास होऊन आले होते. आता मी पुसदला दवाखान्यात नोकरीला आहे, पण सुट्टीवर गेले की अजून सांगते. दुसऱ्या वाक्यापाशी माझा आवाज जातो. लोक थांबतात. त्यांना वाटतं मी भक्तीने थांबले.

मैत्रीण नर्सिंगला परत आली नाही. पावसाळ्यानंतर, मी सुट्टीत घरी असताना, तिचं एक पत्र आलं. तिच्या वडिलांनी चौकशी केली होती. त्या गाडीतल्या म्हाताऱ्या तारबाबूंना त्यानंतर कोणी पाहिलेलं नव्हतं. आणि शेवटी लिहिलं होतं: ती वंदना मी दोन्ही भावांना शिकवली आहे. रोज संध्याकाळी म्हणवून घेते. तिसरी खेप त्यांना माझ्यापेक्षा चांगली येते.

बा समोर बसला होता. "काय लिहिते तुही मैत्रीण?"

मी शेवटच्या ओळी तेवढ्या मराठीत सांगितल्या.

बाचे डोळे भरून आले. "एका पोरीपासून दोन लेकरं शिकले," तो मायला म्हणाला. "पाह्य, कसा पसरून राह्यला धम्म."

मी पत्राची घडी घातली आणि दिवा लावायला उठले. वंदनेची वेळ झाली होती.